तीस टक्के कशाचे? दुर्गम पीएचसीतून पीजीपर्यंत

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पीजीच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की दर वर्षी मला ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, मॅडम ट्रायबलला, म्हणजे आदिवासी भागात सरकारी नोकरीला, जॉइन झालो तर खरंच तीस टक्के मिळतात का, किती वर्षं काढावी लागतात, सर्टिफिकेट कोण देतं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. माझा अनुभव २०१६ ते २०२० चा आहे, नंतर बरंच बदललं, तेही पुढे सांगते, त्यामुळे हे अर्धवट वाचून कोणी लगेच ऑर्डर घेऊन बॅगा भरू नका.

आधी ते तीस टक्के काय ते बघू, कारण इथेच सगळ्यांचा घोळ होतो. आमच्या वेळी मेडिकल कौन्सिलचं २००० सालचं पीजीचं रेग्युलेशन होतं, त्याच्या कलम ९ मध्ये नंतर अशी तरतूद आली की सरकारी सेवेतल्या डॉक्टरनं दुर्गम किंवा कठीण भागात काम केलं असेल तर वर्षामागे त्याला नीटमध्ये पडलेल्या मार्कांच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढीव मार्क देता येतील, जास्तीत जास्त तीस टक्के. २०१८ ला त्यात ग्रामीण भागही घातला. कुठला भाग दुर्गम ते राज्य सरकार ठरवणार आणि मार्क द्यायचे की नाही तेही राज्य सरकारच ठरवणार, म्हणजे हा काही तुमचा जन्मसिद्ध हक्क नाही. दुसरं म्हणजे पेपर १२०० मार्कांचा होता (आमच्या वेळी ३०० प्रश्न होते, आता २०० प्रश्न आणि ८०० मार्क) म्हणून तीस टक्के म्हणजे ३६० मार्क फुकट असं नाही, तुम्हाला जे पडले त्याचे तीस टक्के. समजा ४०० पडले तर तीन वर्षांचे १२०, ६०० पडले तर १८०. दोघांनी तोच डोंगर चढला, त्याच पावसात अडकले, त्याच अंधारात डिलिव्हऱ्या केल्या, पण सेवेची किंमत एकाला १२० आणि दुसऱ्याला १८०. ज्याच्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) दोन्ही मेडिकल ऑफिसर भरलेले होते आणि अभ्यासाला वेळ मिळाला त्याला इन्सेंटिव्हही, म्हणजे हे वाढीव मार्कही, जास्त, आणि जो एकटा चोवीस तास बांधलेला होता त्याला कमी. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता माझी सीट घेऊन, एमडी करून झाल्यावरही पटत नाही. वर्षामागे ठरावीक मार्क द्यायला काय हरकत होती?

आणि अजून दोन गोष्टी. हे मार्क फक्त राज्याच्या कोट्यात चालतात, ऑल इंडिया कोट्याच्या ५० टक्के सीटांत तुमचा डोंगर कोणी विचारत नाही. आणि क्वालिफाय व्हायचं पर्सेंटाइल आधी स्वतःच्या मार्कांवर गाठावं लागतं, ओपनला ५० आणि आरक्षित प्रवर्गाला ४०, त्यानंतरच मेरिटसाठी वाढीव मार्क मिळतात. माझ्या ओळखीचे एक सर सहा वर्षं अतिदुर्गम भागात होते, कटऑफला थोडक्यात अडकले, तर त्यांची सहा वर्षं त्या वर्षीच्या लिस्टमध्ये शून्य.

मी सरकारी कॉलेजची, एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बॉन्ड, नाहीतर दहा लाख भरा. घरात दहा लाख नव्हते आणि बॉन्ड चुकवायची इच्छाही नव्हती. ते वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात काढलं, मग ऑगस्ट २०१६ मध्ये सातपुड्यातल्या एका पीएचसीला मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू झाले. खरं सांगायचं तर इन्सेंटिव्हसाठी मी गेलेच नव्हते, जागा रिकामी होती आणि नवऱ्याची नोकरी नाशिकला, त्यातल्या त्यात हाच जिल्हा जवळ. त्याच महिन्यात, १६ ऑगस्ट २०१६ ला, सुप्रीम कोर्टाचा उत्तर प्रदेशच्या केसमधला निकाल आला होता, दिनेश सिंह चौहानची केस. यूपीनं पीजी डिग्रीच्या ३० टक्के सीटा सरकारी डॉक्टरांसाठी राखीव ठेवल्या होत्या, कोर्टानं ते आरक्षण काढून टाकलं आणि सांगितलं की रेग्युलेशनमध्ये वाढीव मार्कांची सोय आहे ना, तीच वापरा. पुढची चार वर्षं आमचं नशीब या निकालावर चाललं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता, मी तेव्हा क्वार्टरला पाणी कधी येतं हे शोधत होते.

पीएचसीला मेडिकल ऑफिसरच्या दोन जागा, त्यातली एक बहुतेक काळ रिकामी. स्टाफ मात्र चांगला होता, आमच्या सिस्टर म्हणजे पोटात बाळ आडवं आहे हे हात लावून सांगणारी बाई, मी सोनोग्राफीच्या जमान्यातली, पहिले काही महिने त्यांनीच मला शिकवलं, बाहेरून मात्र "मॅडमना विचारा" म्हणायच्या. पावसाळ्याआधी जोखमीच्या गावांची यादी करायची, ज्यांची तारीख जवळ आलीय त्या बायांना माहेरघरात (बाळंतपणापर्यंत राहायची सोय) आणून ठेवायचं, सर्पदंशाचं इंजेक्शन भरून ठेवायचं, लाईट गेली की लसीच्या फ्रीजकडे पळायचं. काही पाड्यांवरून पेशंट झोळीतच यायचा, रस्त्यावर आणला की मग १०८. दिवाळी झाली की अर्धी गावं ऊसतोडीला गुजरातकडे, आमची लसीकरणाची यादी रिकामी, आणि होळीच्या आधी सगळे परत आले की ताप, खोकला, अंगणवाडीत वजनं घटलेली पोरं, सगळं एकदम. एप्रिल-मेमध्ये घराघरासमोर आमचूर वाळत घातलेला असायचा आणि त्याचा आंबट वास माझ्या फार्माकॉलॉजीच्या नोट्सला लागलाय, अजून ती वही उघडली की येतो. (नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत.)

अभ्यास कसा केला हे सगळे विचारतात. नेटवर्क नव्हतं, म्हणजे पीएचसीच्या मागच्या टेकडीवर एका ठरावीक दगडाजवळ यायचं, तेही वारा असेल तसं. सुट्टीत नाशिकला गेले की लेक्चर डाउनलोड करून आणायचे आणि रात्री बघायचे. रात्री म्हणजे डिलिव्हरी नसेल तर. क्लासवाले सांगतात रोज दहा तास, मला कधी दोन मिळाले तरी खूप. आणि त्यात परीक्षा जानेवारीत. आरोग्य खात्यात काम केलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. डिसेंबर-जानेवारी म्हणजे कुटुंबनियोजनाची शिबिरं, टार्गेट, जानेवारीतच पल्स पोलिओ, त्यात आढावा मीटिंगा. शहरातली मुलं अभ्यासिकेत शेवटची रिव्हिजन करत होती आणि मी शिबिराला सर्जन वेळेत येतात का हे बघायला गाडी घेऊन ग्रामीण रुग्णालयात उभी. शेवटच्या महिन्यात रजा मागितली तर उत्तर काय आलं असेल ते लिहीत नाही, मिळाली पण थोडी आणि उशिरा.

एक फायदा मात्र सांगते, जो कोणी मोजत नाही. क्लिनिकल प्रश्न आले की मला पाठांतराची गरज पडायची नाही. एक्लॅम्प्सियाला मॅगसल्फ किती, मलेरियात काय द्यायचं, विषबाधेत ॲट्रोपिन कुठवर, कुपोषित पोराला सलाईन का जपून लावायचं, हे मी केलेलं होतं, बऱ्याचदा एकटीनं. मार बसला तो अॅनाटॉमी आणि बायोकेमिस्ट्रीत.

आता खरा मुद्दा, कागद. सेवा करणं वेगळं आणि सेवा केली हे सिद्ध करणं वेगळं. सर्टिफिकेटवर लागतं काय, तर कुठल्या संस्थेत, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, ती संस्था शासनाच्या दुर्गम यादीत आहे, मध्ये बिनपगारी रजा किती, प्रतिनियुक्ती (तात्पुरतं दुसऱ्या ठिकाणी काम) किती. हे आधी तालुका आरोग्य अधिकारी (टीएचओ), मग जिल्हा, मग वरचं ऑफिस असं चढत जातं. आणि शेवटच्या तारखेच्या आत. तुम्ही पीएचसी सोडून फाइलमागे फिरलात तर पीएचसीला डॉक्टर गैरहजर, नाही फिरलात तर फाइल तिथल्या तिथे. हे कोडं अजून कोणी सोडवलेलं नाही.

माझी फाइल अडकली ती प्रतिनियुक्तीवर. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर कमी पडायचे म्हणून मला आठवड्यातले काही दिवस तिकडे पाठवायचे, तोंडी. मीटिंगमध्ये साहेब म्हणणार "मॅडम, जरा ॲडजस्ट करा", आपण करतो. आता पीएचसी असतं जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या (डीएचओंच्या) हाताखाली, आणि ग्रामीण रुग्णालय असतं सिव्हिल सर्जनकडे. एका बाजूचे म्हणाले हे दिवस तुम्ही आमच्याकडे नव्हताच, दुसऱ्या बाजूचे म्हणाले तुमची ऑर्डर आमच्याकडे नाही म्हणजे तुम्ही आमच्या नाहीच. म्हणजे तेवढे दिवस मी होते कुठे? दोन्ही जागा त्याच डोंगरात, त्याच तालुक्यात, पण ग्रामीण रुग्णालय त्या यादीत धरायचं का यावर दोन टेबलांवर दोन मतं. ते दिवस वजा झाले असते तर माझं तिसरं वर्ष पूर्ण भरत नव्हतं, तीसचे वीस टक्के झाले असते, आणि वीसवर मला हवी ती सीट येणार नव्हती, हे मी आदल्या वर्षीची लिस्ट घेऊन हजार वेळा मांडून बघितलं होतं.

वाचवलं कशानं, तर रजिस्टरांनी. आमच्या टीएचओ सरांनी डोकं लावलं, म्हणाले ऑर्डर नसली तरी तुमची सही असेल ना. मग ओपीडीचं रजिस्टर, प्रसूतीचं रजिस्टर, एमएलसी (पोलीस केसचं), पीएम (शवविच्छेदनाचं), फिरतीची दैनंदिनी, सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या. बऱ्याच दिवशी सकाळी ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत माझी सही आणि त्याच रात्री पीएचसीच्या प्रसूती रजिस्टरमध्येही माझीच, म्हणजे मी मुख्यालय सोडलेलंच नव्हतं. पगार तर पूर्ण वेळ पीएचसीवरूनच निघत होता. हा गठ्ठा बघून आस्थापनेच्या टेबलावरचे भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "एवढं कोणी आणत नाही हो मॅडम." आणि टिपणी लिहिली. चांगला माणूस, निव्वळ त्यालाही कोणीतरी कागद दिल्याशिवाय काही लिहिता येत नव्हतं. सही मात्र त्यानंतरही लगेच झाली नाहीच.

५ जानेवारी २०२०, रविवार, पेपर. नाशिकला दिला. महिनाअखेरीला रिझल्ट आला, स्कोअर मधला, ऑल इंडियात हसू येईल असा रँक. मग राज्याची मेरिट लिस्ट इन्सेंटिव्ह धरून लागली आणि माझं नाव एकदम कितीतरी पानं वर. आनंद झालाच, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात माझ्याच बॅचच्या एका मैत्रिणीचा फोन आला, ती दोन वर्षं शहरात खोली घेऊन अभ्यास करत होती, माझ्यापेक्षा तिचे मार्क बरेच जास्त आणि लिस्टमध्ये ती माझ्या खाली. ती भांडली नाही, एवढंच म्हणाली की मला पण कोणी सांगितलं असतं तर मी पण गेले असते गं. मी काय बोलणार. तिच्या जागी असते तर मलाही राग आला असता. पण मग मी तिला विचारलं की चल, आता सांगते, माझी जागा रिकामी होतेय, येतेस का? ती हसली. येणार नव्हती, आणि त्यात तिचंही काही चूक नाही, तिथे राहायला क्वार्टर धड नाही, पोरांना शाळा नाही, आणि मार्क देताना सरकार यातलं काही सुधारत नाही, ते मार्क स्वस्त पडतात म्हणून देतं, असं माझं मत आहे.

मग कोविड. अ‍ॅडमिशनच्या फेऱ्या लांबत गेल्या, आणि गुजरातेतून ऊसतोडीची, कारखान्यांची माणसं मिळेल त्या टेम्पोनं, चालत परत येत होती, त्यांची तपासणी, गावाबाहेर शाळेत क्वारंटाइन, रात्री अपरात्री फोन. सीट मिळाली आणि रिलीव्ह करायला कोणी तयार नाही. त्यांचंही बरोबर, तुमचा एकच डॉक्टर आहे आणि साथ चालू आहे, कोण सोडेल? इकडे कॉलेजला मुदतीत जॉइन झालं नाही तर सीट गेली. शेवटी शेजारच्या पीएचसीच्या डॉक्टरांकडे चार्ज देऊन मला सोडलं, म्हणजे त्यांच्याकडे दोन पीएचसी. त्यांच्या आवाजात "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणताना जे होतं ते मी विसरू शकत नाही. निघताना पुन्हा बंधपत्र, स्टॅम्प पेपरवर, पीजीनंतर शासनाची सेवा करेन, दोन जामीनदार, एक सासरे आणि एक माझ्या भावाचा मित्र, बिचारा.

ब्रँच कुठली घेतली? भूलशास्त्र. सगळ्यांनी वेड्यात काढलं, थोडं थांबली असतीस तर पुढच्या फेरीत अजून काही आलं असतं वगैरे. यात फार त्याग बिग काही नाही, मला ओटी आवडते आणि ओपीडीचा कंटाळा आला होता. पण हेही खरं की त्या ग्रामीण रुग्णालयात ओटी होती, टेबल होतं, कधीकधी गायनॅकचे सरही असायचे, आणि सिझर होत नव्हतं कारण भूल द्यायला कोणी नाही. मग बाईला घाटातून खाली जिल्ह्याला पाठवायचं. रेफरच्या चिठ्ठीवर मी किती वेळा "भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही" लिहिलंय, ते वाक्य झोपेत पण लिहीन.

आम्ही जॉइन होऊन स्थिरावतो न स्थिरावतो तर ३१ ऑगस्ट २०२० ला पाच न्यायमूर्तींचा निकाल आला, तामिळनाडूच्या मेडिकल ऑफिसर्स असोसिएशनच्या केसमध्ये. कोर्टानं म्हटलं की सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजी डिग्रीला वेगळा प्रवेशमार्ग, म्हणजे वेगळ्या सीटा, ठेवायचा अधिकार राज्यांना आहे, मेडिकल कौन्सिल त्यात आडवी येऊ शकत नाही, फक्त पीजीनंतर त्यांनी ग्रामीण, आदिवासी, डोंगरी भागात सेवा द्यावी याची व्यवस्था राज्यांनी करावी. म्हणजे २०१६ ला जे बंद झालं होतं ते चार वर्षांनी परत उघडलं. मग २०२२ मध्ये आपल्या महाराष्ट्रानं सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतल्या पीजीच्या २० टक्के सीटा सेवेतल्यांसाठी ठेवल्या, त्यालाही कोर्टात आव्हान दिलं गेलं, पण ना हायकोर्टानं थांबवलं ना सुप्रीम कोर्टानं. म्हणून सांगते की मेसेजमध्ये तुम्ही जे "तीस टक्के कोटा" लिहिता ना, त्यात दोन वेगळ्या योजना एकत्र झाल्यात. वाढीव मार्क म्हणजे सगळ्यांच्याच लिस्टमध्ये तुम्ही वर सरकता. कोटा म्हणजे तुमची लिस्टच वेगळी, स्पर्धा फक्त आपल्यासारख्यांशी. माझ्यासारख्या मधल्या मार्कांच्या माणसाला कोटा जास्त सोपा गेला असता. आणि त्या मैत्रिणीच्या बाजूनंही कोटा बरा, निदान स्वतःपेक्षा कमी मार्कवाली डोक्यावर बसलेली तिला दिसली नसती. पण त्या सीटा कुठल्या ब्रँचच्या असाव्यात याचा विचार व्हायला पाहिजे असं मला वाटतं. सरकारी सेवेतून स्किनची सीट घेऊन परत आलेल्याला सरकार बसवणार कुठे, तालुक्याला? भूल, गायनॅक, बालरोग, मेडिसिन, सर्जरी, हाडांचे, हे लागतात तिथे. हे बोललं की आमच्या ग्रुपमध्ये भांडण होतं, तर इथे थांबते.

एमडी झाल्यावर माझं पोस्टिंग झालं एका उपजिल्हा रुग्णालयात, त्याच पट्ट्यात पण डोंगराच्या खाली. वरून रेफर झालेल्या बाया आता माझ्याकडे येतात. जुन्या पीएचसीला मी सुटल्यानंतर कंत्राटी डॉक्टर येऊन जाऊन असतात, सिस्टर अजून तिथेच आहेत, रेफर करताना मला थेट फोन करतात आणि १०८ निघायच्या आधीच केस सांगतात.

तर जे आत्ता जॉइन व्हायचा विचार करताय त्यांनी आधी त्या वर्षीचं माहितीपत्रक आणि चालू शासन निर्णय स्वतः वाचा, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. आपलं पीएचसी दुर्गमच्या यादीत आहे का हे रुजू व्हायच्या आधी बघा, नंतर नाही, आदिवासी भत्ता मिळतो म्हणजे यादीत आहेच असं समजू नका. कुठेही पाठवलं तरी लेखी ऑर्डर मागा, साहेब नाराज झाले तरी चालेल, आणि नाहीच मिळाली तर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर तरी "आपल्या सूचनेनुसार आज अमुक ठिकाणी हजर" असं पाठवून ठेवा. सेवापुस्तकाच्या नोंदी दर वर्षी डोळ्यांनी बघून घ्या. आणि रजिस्टरमध्ये सही करताना वाचता येईल अशी करा, खाली नाव आणि वेळ टाका, डॉक्टरांचं अक्षर वगैरे कौतुक तिथे नको, माझ्या दोन पानांवरून बराच वाद झाला होता.